बाटली, गंज आणि बोंडले
बाळंतपणाची रजा संपत आली आणि अंगावरचे दूध काढून ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही, म्हणून बाटली कोमट करण्याचे यंत्र घ्यायला गेले. पण दुकानातल्या एकाही यंत्रात आमची रुंद तोंडाची बाटली बसेना. घरी स्टीलच्या गंजात (उभ्या पातेल्यात) गरम पाणी घेऊन त्यात बाटली उभी केली, तर काही मिनिटांत मनगटावर टाकलेला थेंब सुखद कोमट लागला. मायक्रोवेव्ह टाळते, कारण त्यात दूध असमान तापते आणि बाळाचे तोंड पोळू शकते. फ्रीजमधले दूध ४ दिवस चालते, मात्र कोमट केलेले २ तासांत संपवावे लागते. खरे तर सासूबाईंनी काढून दिलेले बाळाला दूध पाजायचे उघड्या चोचीचे चांदीचे बोंडलेच मला अधिक पटले: घासायला सोपे, आणि बूच हरवण्याची (आमच्याकडे दोन हरवली) चिंता नाही.