बानू अर्धीच राहिली

परवा लग्नानंतरच्या खंडोबाच्या जागरणात "आता आवरतं घ्या" असे मीच म्हणालो, आणि दोन दिवस झाले तरी ते वाक्य माझी पाठ सोडत नाही. साडेदहा वाजून गेले होते, दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करूनही खालच्या मजल्यावरून एकदा निरोप आला होता आणि नव्या जोडप्याला पहाटेचे विमान गाठायचे होते. घरातल्या प्रत्येकाच्या मनात जे होते ते बोलण्याची पाळी तेवढी माझ्यावर यावी, याचे मला काल दिवसभर वाईट वाटत होते.

वाघ्याला वाईट वाटलेले दिसले नाही. त्याने दिमडी मांडीवर पालथी घातली, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्याकडे पाहिले आणि आख्यान होते तिथेच सोडून सरळ आरती धरली. सारीपाटात बायकोकडून, म्हाळसेकडून, हरलेला खंडेराव तेव्हा नुकताच चंदनपुरीला पोहोचला होता आणि धनगराचा वेष घेऊन बानूची मेंढरे राखू लागला होता. "म्हाळसेला कळलं का मग?" असे धाकटीने विचारले, तेव्हा मला सांगता आले नाही. आईला ते सगळे येत होते, असो.

फोनमध्ये चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण आहे आणि त्याच्या शेवटी माझाच आवाज आहे. १९९२ साली वारलेले जर्मन अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर बसून ओवी आणि तिची सपादणी, म्हणजे ओवीमागून येणारे गद्य निवेदन, टिपून घेत. खंडोबा ज्याचे कुलदैवत, त्या माझ्याच्याने एक रात्र बसवले नाही. जुने सगळेच टिकावे असे मी म्हणत नाही. मुली देवाला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, ते योग्यच झाले. पण बानूची कथा कोणत्या कायद्याने थांबली नाही, ती मी थांबवली.

शेवटी आज वाघ्याला फोन करून उरलेले तेवढे सांगाल का, असे विचारले. "मधूनच कसं सांगू, दादा? गण झाला पाहिजे, देव बोलवले पाहिजेत, मागं झील धरायला माणूस पाहिजे, तवा कुठं जीभ चालती." मला हसू आले. म्हणजे देवाला चंदनपुरीतून आणायचे, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला हवी. मी अख्ख्या रात्रीची सुपारी विचारली, तर त्याने उलट विचारले, "पहाटेपर्यंत बसणार कोण?"

मी धाकटीचे नाव सांगितले. तिची सहामाही बुधवारी संपते.