झुलार घोड्यांच्या शेपट्या

आम्ही करत असलेल्या अ‍ॅनिमेशन मालिकेत झुलार नावाची घोड्यांची एक जात आहे. जगात कुठेच नसलेली, लेखिकेने कल्पनेतून उभी केलेली. पटकथेत त्यांच्याविषयी जेमतेम दोन ओळी होत्या : हे घोडे उंचावरच्या उघड्या, सोसाट्याच्या वाऱ्याच्या पठारावर राहतात, आणि शेपटीवरून लांबूनच ओळखू येतात. शेपटी नेमकी कशी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते ठरवणं माझ्याकडे होतं. संध्याकाळपर्यंत शेपटीचं शीट, म्हणजे ती वेगवेगळ्या स्थितींत दाखवणारं नमुना-चित्र, अ‍ॅनिमेटर मंडळींच्या हातात पडायला हवं होतं, कारण कळप उधळतो ते दृश्य त्यांना लगेच सुरू करायचं होतं.

सकाळी दिग्दर्शक माझ्या स्क्रीनपाशी येऊन उभे राहिले. जमिनीवर लोळणारी शेपटी, दोन टोकांत दुभंगलेली, सिंहासारखा गोंडा असलेली, असे बरेच पर्याय मी मांडून ठेवले होते. त्यांनी ते सगळे काळ्या रंगाने भरायला सांगितले. रंग, चमक, केसांच्या रेघा सगळं गेलं आणि फक्त बाह्याकार उरले. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहेत गं. पण वारा सुटला की हे घोडे करतात काय?"

माझ्यासाठी दिवस खरा तिथून सुरू झाला. वादळवारा सुटला की खरे घोडे वाऱ्याकडे पुठ्ठा, म्हणजे मागची बाजू, करतात, मान खाली घालतात आणि शेपटी दोन पायांमध्ये घट्ट दाबून धरतात. म्हणजे वाऱ्याचा पहिला मारा शेपटीच झेलते. इंग्लंडमधल्या एक्समूर जातीच्या तट्टांच्या शेपटीच्या मुळाशी आखूड, राठ केसांचा झुबका असतो, पंख्यासारखा पसरलेला. पाऊस आणि बर्फ त्यावरून बाजूला ओघळतं. मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की घोड्याच्या शेपटीतही वरचे केस आखूडच असतात, लांब केस खाली येतात. नॉर्वेच्या फ्योर्ड घोड्याच्या आयाळीतून आणि शेपटीतून मधोमध गडद पट्टा जातो, दोन्ही बाजूंचे केस फिके. निसर्गाने इतकं करून ठेवलेलं असताना गोंडा लावत बसायची मला गरजच वाटेना.

मी नवा लेयर उघडला आणि लाल रंगात आधी शेपटीचं हाड काढलं. घोड्याच्या शेपटीत साधारण 15 ते 21 मणके असतात, पण हाड शेपटीभर जात नाही. ते बऱ्याच वर संपतं आणि त्याखाली नुसते केस लोंबतात. त्यामुळे वाकणं, उचलणं, झटकणं जे काही आहे ते वरच्या भागात. खालचे केस फक्त मागून येतात. हे एकदा कागदावर आलं की शेपटी पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखी दिसत नाही. पाठीच्या कण्याची रेघच पुढे सरकत शेपटीत उतरते.

मग त्या हाडाच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचा पंखा काढला, खऱ्या तट्टांपेक्षा कितीतरी मोठा, जवळजवळ अर्धा पुठ्ठा झाकणारा. पंख्याखाली शेपटी अचानक अरुंद होते आणि शेवटी लांब बटा. मध्ये गडद पट्टा. बाह्याकार काळा केला तरी पाठमोरा झुलार शंभर घोड्यांत उठून दिसत होता.

शेपटी दाबलेली काढताना मात्र असं काही हाती लागलं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. हाड पुठ्ठ्याला चिकटलं की बाजूच्या केसांना जायला जागा उरत नाही, ते बाहेर पसरतात. पंखा उघडतो. उलट घोडा रंगात येऊन शेपटी उंच उचलतो, तेव्हा केस हाडाभोवती खाली ढळतात आणि पंखा मिटतो. म्हणजे झुलारचा पंखा भीतीत आणि थंडीत उघडणार, आनंदात मिटणार. मोराच्या बरोबर उलट. मला हे फार आवडलं, अजूनही आवडतं.

दिग्दर्शकांना ते पटेना. कळप भरधाव सुटतो, ते मालिकेतलं सगळ्यात देखणं दृश्य. त्यात पंखे उघडेच हवेत, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. दोन्ही वेळा पंखा उघडला, तर घोडा घाबरलाय की खूश आहे हे बघणाऱ्याला कळायचं कसं? बोलून उपयोग नव्हता, म्हणून एक छोटी चाचणी करून दाखवली. संदर्भाला छायाचित्रकार मायब्रिजची 1878 सालची धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली. ती बघताना सगळ्यांची नजर पायांवर जाते. मी पुठ्ठ्याचं वरखाली होणं तेवढं उचललं. पुठ्ठा वर जातो तेव्हा शेपटीचं टोक अजून खाली येत असतं, आणि टोक वर पोचेपर्यंत पुठ्ठा खाली उतरलेला असतो. मिटलेल्या पंख्याची अरुंद शेपटी या लाटेत इतकी स्वच्छ दिसली की सगळा वेग तिच्यातच आला. शेवटी घोडा दचकून थांबतो, शेपटी आत दबते आणि पंखा फाडकन उघडतो. त्यांनी ती चाचणी पुन्हा लावायला सांगितली. "ठेव असंच," एवढंच म्हणाले.

बाकीचं भराभर झालं. शिंगराला पंखा दिला नाही. खऱ्या शिंगराची शेपटी आखूड, मऊ, कुरळी असते, तशीच ठेवली. म्हाताऱ्या घोडीच्या बटा खाली कुरतडलेल्या दाखवल्या, कारण शिंगरं आईची शेपटी खरंच चघळतात. ओल्या शेपटीचं शीट राहिलं, ते पावसाच्या दृश्यापर्यंत पुरं करायचं ठरलं.

संध्याकाळी आमच्यातल्या सगळ्यात नव्या अ‍ॅनिमेटरने कळपाच्या दृश्याचा पहिला रफ, म्हणजे कच्चा आराखडा, दाखवला. सगळे झुलार पंखे मिटून धावत होते, मागचा एक सोडून. त्याचा अर्धवट उघडा होता. मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, याने मागे काहीतरी बघितलंय." पटकथेत तसं काहीच नव्हतं. दिग्दर्शकांनी तो घोडा तसाच ठेवला आणि त्याने काय बघितलं असेल, ते विचारायला लेखिकेला फोन लावला.