रिकामा कंस

सोमवारी सकाळी घणसोलीला उतरून महापेच्या ऑफिसात पोचले, तर सपोर्टच्या ताई माझ्या खुर्चीपाशीच उभ्या. फोनवर एका खेळाडूचा मेसेज होता : "चार दिवस झाले. पैसे वॉलेटमधून गेले, तलवार गेममध्ये नाही. कॅशे तीनदा क्लिअर केला."

कॅशे क्लिअर करायला सांगा, हे उत्तर सपोर्टला आम्हीच शिकवलं होतं. त्याच उत्तरावर आधीच्या 11 तक्रारी बंद झाल्या होत्या.

गेमच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की वस्तू ब्लॉकचेनवर आहे, तिचा मालक तुम्हीच. ते खरंच आहे. पण गेम चेनला थेट विचारत नाही, कारण "या वॉलेटकडे काय काय आहे" या प्रश्नाला साधं 721 मानकाचं कॉन्ट्रॅक्ट (अशा वस्तूंची नोंद ठेवणारा चेनवरचा प्रोग्रॅम) उत्तरच देत नाही. ते फक्त एका टोकनचा, म्हणजे एका वस्तूच्या नोंदीचा, मालक कोण आणि एका वॉलेटकडे नग किती, एवढंच सांगतं. म्हणून आमच्यासारखे लोक प्रत्येक ब्लॉकमधले, म्हणजे व्यवहारांच्या प्रत्येक गठ्ठ्यातले, हस्तांतरणाचे इव्हेंट (कॉन्ट्रॅक्टने केलेल्या नोंदी) वाचतात, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मालकीचा तक्ता ठेवतात आणि गेम त्या तक्त्याला विचारतो. शब्द विकेंद्रित असला तरी खेळाडूला दिसतो तो आमचा एकच तक्ता. यातली जबाबदारी या धंद्यातले फार थोडे लोक मनावर घेतात.

ताईंकडून व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याची ओळख पटवणारा आकडा, घेतला. पावतीवर स्टेटस 1, म्हणजे व्यवहार यशस्वी. लॉगमध्ये, म्हणजे इव्हेंटच्या नोंदीत, चार टॉपिक (रकाने) होते : इव्हेंटच्या प्रकाराची सही, देणारा, घेणारा, टोकन क्रमांक. नाणी आणि वस्तू, दोन्हींच्या हस्तांतरणाची सही एकच असते, डीडीएफ252 ने सुरू होणारी. फरक टॉपिकच्या संख्येत. तीन असतील तर नाणं, चार असतील तर वस्तू. म्हणजे तलवार खरोखर गुरुवारी त्याच्या वॉलेटवर आली होती. आमच्या तक्त्यात मात्र मालक अजून जुनाच.

लीड म्हणाले, "अगं, रिऑर्ग असणार." त्यांचा अंदाज चुकीच्या अनुभवातून आलेला नव्हता. रिऑर्ग म्हणजे साखळीचं टोक मोडून दुसरं टोक खरं ठरणं. तसं झालं, तर वाचलेले ब्लॉक परत फिरवावे लागतात. पॉलिगॉन या चेनवर 2023 च्या जानेवारीत स्प्रिंट (एकाच उत्पादकाने सलग बनवायचे ब्लॉक) 64 ब्लॉकवरून 16 वर आणला तो यासाठीच, आणि तरी फेब्रुवारीत 157 ब्लॉकचा रिऑर्ग झाला. आमचा सगळा बंदोबस्त रिऑर्गसाठी आहे. मुंबई नावाची पॉलिगॉनची टेस्टनेट (चाचणीसाठीची चेन) होती तेव्हा तिच्यावर मी तो महिनाभर घासूनपुसून घेतला होता. 2024 च्या एप्रिलमध्ये ती बंद झाली तेव्हा वाईट वाटलं होतं.

दोन तास रिऑर्ग शोधण्यात गेले. आमच्याकडे साठवलेला ब्लॉक हॅश आणि चेनवरचा हॅश तंतोतंत सारखा. पुढच्या ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा म्हणून लिहिलेला पॅरेंट हॅशही जुळला. ब्लॉक बरोबर, हेडर (ब्लॉकचा गोषवारा) बरोबर, फक्त त्यातले इव्हेंट आमच्याकडे नाहीत. तोच ब्लॉक पुन्हा मागवला तर इव्हेंट व्यवस्थित आले. डॅशबोर्डवर लॅग शून्य, एरर शून्य.

मग गुरुवारच्या विनंत्यांचा लॉग काढला. आमच्या विनंतीचा आयडी कायम 1 असतो, त्यामुळे रिकामं उत्तर मोजून 36 अक्षरांचं येतं. त्या ब्लॉकसमोर आकडा होता 36. नोडने, म्हणजे चेनची प्रत ठेवून आमच्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या संगणकाने, एरर दिली नव्हती. उत्तरात एक रिकामा चौकोनी कंस दिला होता, आणि आमच्या कोडने तो "या ब्लॉकमध्ये काही घडलं नाही" असा वाचून कर्सर, म्हणजे कुठवर वाचलं त्याची खूण, पुढे नेला होता.

कारण असं. नोड आम्ही स्वतः चालवत नाही, भाड्याने घेतो. आमच्या खिडकीतून शेजारच्या डेटा सेंटरच्या चिलरचा आवाज दिवसभर येतो आणि आमच्या विनंत्या मात्र दुसऱ्या देशात जातात. एकाच पत्त्यामागे त्या पुरवठादाराचे बरेच नोड असतात. पूर्वी आमचं कनेक्शन एकाच नोडशी बांधलेलं राहायचं. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी प्रत्येक विनंती वेगळ्या नोडकडे वाटायला सुरुवात केली. हेडर आलं पुढे असलेल्या नोडकडून, आणि गेटलॉग्जची, म्हणजे इव्हेंट मागणारी, विनंती गेली दोन ब्लॉक मागे असलेल्या नोडकडे. त्याने तो ब्लॉक पाहिलेलाच नव्हता. "माहीत नाही" म्हणायच्या जागी तो "नाही" म्हणाला. त्यांच्या कागदपत्रांत याची एक ओळ होती, ती आमच्यापैकी कोणी वाचली नाही. पण एक ओळ लिहून असा बदल करणं मला आजही बेजबाबदारपणाचं वाटतं.

एक ब्लॉक हुकला असेल तर आणखी किती? इथे हेडर साठवायची आमची जुनी सवय कामाला आली. प्रत्येक हेडरमध्ये 2048 बिटांचा लॉग्ज ब्लूम, म्हणजे त्या ब्लॉकमधल्या इव्हेंटचा आटोपशीर ठसा, असतो. कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्याचा केचॅक हॅश काढायचा, त्याच्या पहिल्या सहा बाइटच्या तीन जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीचे खालचे 11 बिट घ्यायचे. ते तिन्ही बिट ब्लूममध्ये पेटलेले आहेत का, एवढंच बघायचं. एक जरी विझलेला असेल तर त्या ब्लॉकमध्ये आमचं कॉन्ट्रॅक्ट नक्की नाही. तिन्ही पेटलेले असतील तर "असू शकेल", कारण गर्दीच्या ब्लॉकमध्ये इतरांचे बिट मिसळतात. ब्लूमच्या "नाही"वर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो, म्हणून मला ती रचना फार आवडते.

दर 2 सेकंदांला एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला 43,200 आणि 90 दिवसांचे 38,88,000. नुसते ब्लूमच जवळजवळ 1 जीबी. "असू शकेल" म्हणणारे पण आमच्याकडे कोरे असलेले ब्लॉक वेगळे काढले आणि ते क्रमांकाने न मागता ब्लॉक हॅशने मागवले. हॅशने मागितलं की अनोळखी ब्लॉकसाठी नोडला एरर द्यावीच लागते, रिकामा कंस देऊन सुटता येत नाही. ही सोय ईआयपी-234 या ईथेरियमच्या सुधारणा प्रस्तावापासून आहे. आम्ही ती पहिल्या दिवसापासून वापरायला हवी होती.

संध्याकाळी आकडा आला : 214 ब्लॉक, 463 हस्तांतरणं. त्यातल्या 371 वस्तू नंतर पुन्हा विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे मालकाची ओळ आपोआप सुधारली आणि कोणाला काही कळलं नाही. उरलेल्या 92 चुकीच्याच होत्या.

रात्री साडेनऊपर्यंत दुरुस्ती चढवली. आता आधी हेडर, मग त्याच हॅशने लॉग. अनोळखी ब्लॉक म्हटलं तर एक सेकंद थांबून पुन्हा. ब्लूम "असू शकेल" म्हणतोय आणि लॉग कोरे आलेत, तर दुसऱ्या पुरवठादाराकडून खात्री केल्याशिवाय कर्सर हलत नाही. शिवाय रोज पहाटे मल्टिकॉलने (एका विनंतीत अनेक प्रश्न विचारायची सोय) 500-500 टोकनचे मालक थेट कॉन्ट्रॅक्टला विचारून तक्त्याशी ताडायचे. यात दोन खाचा आहेत. प्रश्न आणि तक्ता एकाच ब्लॉक क्रमांकाला बांधले नाहीत तर खोट्या तफावती निघतात. आणि जाळून टाकलेल्या टोकनचा मालक विचारला की कॉल उलटतो, म्हणजे फसतो, म्हणून प्रत्येक कॉलला अपयशाची मुभा द्यावी लागते, नाहीतर एका टोकनपायी पाचशेही जातात.

2022 च्या मार्चमध्ये रोनिन या गेमिंग चेनच्या ब्रिजवरून (दोन चेनमध्ये पैसे नेणारा पूल) 1,73,600 ईथर चोरीला गेले, ते 23 तारखेला. कळलं 29 ला, एका वापरकर्त्याला आपले 5,000 ईथर काढता येईनात तेव्हा. आमचं प्रकरण त्याच्यासमोर काहीच नाही, पण आमच्याकडेही आधी कळलं ते खेळाडूलाच, आणि त्याला आम्ही कॅशे क्लिअर करायला लावत होतो. ताईंनी त्या 11 तक्रारी स्वतः पुन्हा उघडल्या आणि एकेकाला फोन केले. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तलवारीवाल्या मुलाला फोन लावताना मी शेजारी बसले होते. त्याने इन्व्हेंटरी उघडली, तलवार दिसली, आभार मानले. मग विचारलं, "ताई, ज्याने मला विकली, तो शनिवारच्या स्पर्धेत तीच तलवार घेऊन खेळला ना? मी हरलो त्याच्याशी."

खेळला होता. आमच्या तक्त्यात शनिवारी मालक तोच होता. मॅचचा निकाल चेनवर नसतो, तो गेम कंपनीच्या सर्व्हरवर असतो. त्या 92 वस्तू कुठल्या कुठल्या मॅचमध्ये वापरल्या गेल्या त्याची यादी करून मी मंगळवारी कंपनीला पाठवली. निकाल बदलणार नाही, असं त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. मला ते पटलेलं नाही. दुसरी मेल लिहून ठेवली आहे, त्यात त्या मुलाच्या मॅचची वेळ आणि त्या क्षणीचा ब्लॉक क्रमांक शेजारी-शेजारी मांडलाय.