चौथा रकाना

स्लाइम मोल्ड या कुजत्या पाल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात सर्वांत अवघड काय गेले असे कोणी विचारले, तर मी सूक्ष्मदर्शकाचे नाव घेणार नाही, परवानगीच्या अर्जातला चौथा रकाना सांगेन. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या जंगलातून मला वाळका पालापाचोळा तेवढा आणायचा होता आणि त्या रकान्यात ‘वनस्पती’ किंवा ‘प्राणी’ यांपैकी एकावरच खूण करायची होती. “बाय, पानंच ना ती? मग वनस्पती लिही,” असे कारकुनांनी सुचवले. मी तसे केले आणि पंधरा दिवसांनी अर्ज परत आला, कारण सोबतच्या टिपणात हे जीव वनस्पती नाहीत असे मीच लिहून ठेवले होते. दुसऱ्या खेपेस ‘प्राणी’ केले, तर किती पकडणार आणि पुन्हा कुठे सोडणार, याचा खुलासा मागवण्यात आला! बीजाणूतून निघून जिवाणू खात सरपटणाऱ्या आणि पुढे असंख्य केंद्रकांचा एकच चिकट गोळा होऊन पसरणाऱ्या जीवाची मोजदाद कशी द्यायची? पूर्वी बुरशीत गणलेले हे जीव आज अमीबा ज्यात येतो त्या अमीबोझोआ गटात ठेवतात, एवढे तिसऱ्या अर्जात लिहून मी दोन्ही पर्याय खोडले आणि बाजूला ‘सूक्ष्मजीव, नमुना : वाळकी पाने, 40 कागदी पिशव्या’ असे लिहिले. आठवड्यात मंजुरी आली. तेव्हा संख्या पहिल्याच अर्जात पिशव्यांमध्ये द्यावी.

अर्ज मात्र दिवाळीच्या सुमारास करावा. माझी मंजुरी मेअखेरीस आली आणि पावसाआधी जेमतेम दोन दिवस हाती उरले. गोव्यात माट्टी म्हणतात त्या ऐनाची जमिनीवरची पाने गोळा केलीच, शिवाय वेलींत अडकून लोंबणारी वाळकी पानेही वेगळी ठेवली, आणि पुढे अधिक जाती या दुसऱ्या ढिगातच मिळाल्या. प्लास्टिकच्या एका पिशवीतला पाला साध्या बुरशीने नासला, तो दोष माझाच.

पेट्री ताटलीत गाळणकागदावर पाने मांडून 24 तास पाण्यात भिजवायची, जादा पाणी ओतून टाकायचे आणि मग पाहत राहायचे; हे काम तीन महिनेही चालते. एकोणिसाव्या दिवशी एका देठावर आर्सिरिया सिनेरिया या स्लाइम मोल्डचे राखाडी, मिलिमीटरभर उंचीचे तुरे उभे दिसले. त्याच ताटलीत नंतर डिडिमियम स्क्वाम्युलोसम ही दुसरी जात आली, तिच्या अंगावर चुन्याचे चांदणीसारखे पांढरे स्फटिक होते. हे पाहायला मी घरच्यांनाही बोलावले.

काम संपल्यावर अहवालाचा छापील नमुना भरायचा होता, तर त्यातही चौथा रकाना तोच निघाला. मी विचारत बसले नाही. पट्टी घेऊन तिसरा चौकोन आखला आणि त्यात खूण केली.