सोसायटीतलं रान, सोसायटीच्याच मातीला

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मागच्या आवारात तेवढ्यात कमरेइतकं रान माजतं: टाकळा, केना, आघाडा, खाली लव्हाळा. दरवर्षी ते कापून गोण्यांत भरायचं, कचऱ्याच्या गाडीत द्यायचं आणि आवारातल्या झाडांसाठी शेणखत विकत आणायचं, हे मला बघवत नव्हतं. यंदा कमिटीला सांगून सगळा पाला वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरायला ठेवून घेतला.

माळीकाका म्हणाले, "ताई, हे परत उगवणार." शंका रास्तच होती, म्हणून निवडानिवड आधी केली. टाकळा फुलावर होता, शेंगा धरायच्या आतच कापला. लव्हाळ्याचा पाला तेवढा घेतला. त्याच्या जमिनीतल्या गाठी आच्छादनात आल्या तर पुन्हा फुटतात. केन्याच्या पेरापेराला मुळं फुटतात, तो उघडीप मिळाल्यावर गच्चीवर कडकडीत वाळवला. गाजर गवत मात्र हातमोजे घालूनच उपटावं, अंगाला खाज सुटते. फुलावर आलेलं तर मातीवर पसरूच नये, एका झाडाला हजारो बिया असतात.

मग काकांनी कोयत्याने बोटभर तुकडे केले. वाफे भिजवून त्यांवर दोन-तीन इंच थर दिला, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. थर खोडाला टेकला की साल कुजते. ओला पाला जाड थापला तर आतून तापतो, वास मारतो. म्हणून एक-दोन दिवस सुकवूनच पसरला. आणि तो मातीत कालवायचा नाही. वाळलेला पाला कालवला, तर कुजवणारे जीवाणू काही काळ मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडू शकतात.

तळमजल्यावरच्या काकूंना विंचू-काट्याची धास्ती होती, म्हणून भिंतीलगत काहीच टाकलं नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात फरक दिसला. आमच्याकडची माती म्हणजे राबिटाच्या, म्हणजे बांधकामाच्या ढिगाऱ्याच्या, भरावावर ओतलेली लाल माती, ऊन लागलं की वरून टणक. थर दिलेल्या वाफ्यात मात्र बोट सहज आत गेलं. पाला उचलला तर खाली पांढरे बुरशीचे धागे, ओलसर मातीचा वास आणि वळवळणारी गांडुळं. जास्वंदीला रोज लागणारं पाणी आता एक दिवसाआड पुरतं.

थर निम्म्यावर आलाय. आता थंडीत देशी बदामाची पानं गळतील, ती वर घालणार आहोत, पण चुरडून. अख्खी पानं एकावर एक चिकटून बसतात आणि पाणी खाली उतरू देत नाहीत.