640 तारांचा हिशेब

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असे संपादक मंडळाने कळवले. सहलींच्या आणि गॅदरिंगच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी मूलोद्योगाच्या, म्हणजे हाताने सूत कातण्याच्या तासाबद्दल लिहितो. अहिंसा, स्वावलंबन, सर्वोदय हे शब्द आपल्या वर्गात नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी टकळीवरून आले, आणि ते काम नेमके कसे चालायचे हे आजच्या विद्यार्थ्यांना कुठे पाहायला मिळणार?

टकळी म्हणजे सातेक इंचांची पोलादी सळई, वर आकडी, खाली जुन्या रुपयाएवढी पितळी चकती. चकतीचे भोक बरोबर मध्यावर नसेल तर टकळी डोलते आणि सूत जाड-बारीक येते. सळईला बाक असला तरी तेच. म्हणून आधी ती पाटीवर रिकामी फिरवून पाहायची. बोटांना चिमूटभर राख लावली की सळई निसटत नाही. उजव्या हाताने गिरकी द्यायची, डाव्या चिमटीत पेळू (पिंजलेल्या कापसाची वळलेली वळी) सैल धरून हात वर न्यायचा, हातभर तार निघाला की आकडीतून सोडवून चकतीच्या वर गुंडाळायचा. पीळ जास्त झाला तर तार सैल सोडताच त्याला वळ्या पडतात, कमी पडला तर गुंडाळतानाच तुटतो. तुटला तरी गाठ मारायची नाही. टोक उसकटून इंचभर पेळूच्या तंतूंवर ठेवायचे आणि नव्याने पीळ द्यायचा. गाठ पुढे विणकराच्या फणीत अडकते.

निम्मे दोष मात्र टकळीचे नसतातच, पेळूचे असतात. गठ्ठ्यात दाबलेल्या कापसाचे तंतू दबून एकमेकांना चिकटलेले असतात. घरच्या कापसाला ऊन दाखवून, पाटी-सळईने सरकी काढून तो ताजा पिंजला तर तंतू मोकळे राहतात. पेळू फार घट्ट वळला की तंतू गचके देत सुटतात, आणि पावसाळ्यात दमट झाला की तार तुटून तुटून जीव नकोसा होतो. बडबडीला आपण ‘टकळी चालवणे’ म्हणतो. कताईच्या तासाला दोन्ही टकळ्या एकदम चालत नसत.

खरी मजा मोजणीत होती. फाळका म्हणजे सूत गुंडाळून मोजायची चौकट. तिचा एक फेरा चार फुटांचा, तो एक तार. 160 तारांची लटी, चार लट्यांची, म्हणजे 640 तारांची गुंडी. गुंडी तोळ्यात तोलायची आणि 40 ला त्या वजनाने भागायचे, की सुताचा नंबर निघतो; नंबर जितका मोठा, सूत तितके बारीक. अडीच तोळे भरली तर 16 नंबर, चार तोळे भरली तर 10. (दशमान पद्धतीत गुंडी हजार मीटरची झाली आणि हे सोपे गणित गेले.)

मग कापडाचा हिशेब. 36 इंच पन्ह्याच्या, इंचाला 40 ताणे (उभे धागे) आणि 40 बाणे (आडवे धागे) असलेल्या एका वाराला ताण्याचे 1440 वार आणि बाण्याचे तेवढेच सूत लागते. नासधूस धरून चार गुंड्या. हात बसलेला मुलगा तासाला एक लटी कातत असेल तर रोज अर्ध्या तासात 80 तार, आठ दिवसांत गुंडी, 32 दिवसांत एक वार. तीन वारांच्या सदऱ्याला 96 दिवस! स्वावलंबनावरचे कुठलेही भाषण या आकड्याइतके खरे बोलत नाही. त्यात पेळू करण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही.

सर्वोदयाची, म्हणजे सर्वांच्या भल्याची बाजू याच हिशेबातून निघते. दिवसभर कातणाऱ्या बाईला काय मिळावे? 1935 मध्ये गांधीजींनी आठ तासांच्या कामाला किमान आठ आणे मजुरी हे माप मांडले आणि खादीचे काम चालवणाऱ्या चरखा संघाने निर्वाह-मजुरीचे तत्त्व स्वीकारले. खादी महागली, गिऱ्हाईक कुरकुरले. तरी स्वस्त खादीचा बोजा शेवटी कत्तिणीवरच पडतो, हे ज्याने एक गुंडी कातली त्याला पटवावे लागत नाही. विणकराचेही तसेच. दोन वेगळ्या नंबरांचे सूत एकाच गुंडीत आले की त्याचा ताणा तुटत राहतो आणि दिवस त्याचा बुडतो.

अहिंसेचा धागा मला सर्वांत उशिरा कळला. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचे म्हणणे असे, की एका जागी प्रचंड उत्पादन झाले की कच्च्या मालासाठी आणि बाजारपेठेसाठी दुसऱ्यांवर ताबा मिळवावा लागतो आणि लढाया तिथून सुरू होतात. आपल्या भागाला हे सांगायला पुस्तक नको. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात गेला आणि कापड होऊन आपल्याच बाजारात विकायला आला. मला विचाराल तर कुमारप्पा गिरणीला जरा जास्तच झोडपतात, पण कापसाच्या या फेऱ्याबद्दल त्यांचे चुकलेले नाही.

12 फेब्रुवारी हा गांधीजींच्या अस्थिविसर्जनाचा दिवस. विनोबांच्या सांगण्यावरून त्या दिवशी सूतांजली द्यायची, माणशी स्वतः कातलेली एक गुंडी. श्रीमंताचीही एकच. गुंडी फाळक्यावर असतानाच ओल्या फडक्याने पुसून वाळवायची, म्हणजे पीळ बसतो. दर 160 तारांवर आडवा दोरा घालून लटी वेगळी बांधायची, नाहीतर उकलताना सगळी गुंतते आणि फेकावी लागते. चिठ्ठीवर नाव नाही लिहिले तरी चालते, नंबर आणि वजन मात्र लिहायचेच.