नवऱ्याचा सट्टा आणि माझ्या खात्याला लागलेला होल्ड

व्यसन सुटल्याच्या गोष्टींत डॉक्टर असतात, समुपदेशक असतात, थोडी रडारड असते आणि शेवटी माणूस मार्गाला लागतो. बँकेचं काउंटर कुठेच नसतं. आमच्या घरच्या गोष्टीत निम्मी जागा त्या काउंटरनंच खाल्ली, आणि अजून आठवलं की डोकं सणकतं. कुणाच्या घरात हेच चाललं असेल तर निदान माझ्याएवढ्या चपला झिजायला नकोत, म्हणून लिहितेय.

माझा नवरा सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सीझनला लाखालाखाच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या विक्रीचे हिशेब, त्याच्या हातून निघतात, आणि शेठच्या हिशेबात आजवर रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. हे आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, "दुकानातले उचलले का?" नाही. घरातले उचलले. मी विश्रामबागेत घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. भिशी माझी, सोन्याचे वेढे माझे, आणि ज्या खात्याला होल्ड लागला, म्हणजे पैसे काढायची वाट बंद झाली, तेही माझंच.

सुरुवात रमीच्या ॲपनं झाली. दारूचा निदान वास येतो, याचं काहीच कळत नाही. पण आता मागे बघते तेव्हा खुणा होत्या. मोबाईल कायम पालथा. संडासात पाऊण पाऊण तास. पगाराच्या दिवशी गजरा आणि भडंग, दुसऱ्या दिवशी कुणाशी शब्द नाही. नेटपॅक संपला की चिडचिड अशी, की जणू गॅस संपलाय. आणि पहाटे साडेचारला उठून वेस्ट इंडिजमधल्या लीगची मॅच बघायची. कोण कुठल्या टीमचा हे त्याला धड सांगताही यायचं नाही, तरी मी त्याला क्रिकेटवेडाच समजत होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि मोठ्या ॲप्सनी पैशाचे डाव बंद केले. तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. नवराही म्हणाला, "सुटलो बघ." सुटला नव्हता. रमी गेली आणि आयडी आली.

आयडी म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. व्हॉट्सॲपवर कुणीतरी एक आयडी आणि पासवर्ड देतो, त्यावर क्रिकेटचा सट्टा लागतो. पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच माणसाचं खातं दिलं जातं. जिंकलात तर पैसे येतात तेही असेच, कुठल्यातरी अनोळखी नावाच्या खात्यातून. ही खाती भाड्यानं घेतलेली असतात. ज्या खात्यातून सट्ट्याचे पैसे फिरतात त्यातूनच कुणाला डिजिटल अटकेच्या नावानं, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचं सोंग करून, लुबाडलेले पैसेही फिरतात. तो लुबाडलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करतो, मग पैसा ज्या ज्या खात्यातून गेला त्या साखळीतल्या खात्यांना होल्ड लागत जातो. माझं जुनं सिम नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये होतं. त्यावर माझ्या खात्याचं यूपीआय चालू करून तो जिंकलेले पैसे तिथं घ्यायचा आणि लगेच पुढं लावायचा. असेच साडेसहा हजार रुपये कुणाच्यातरी बुडालेल्या रकमेतले निघाले.

मला कळलं ते अस्तर-कॅनव्हासच्या दुकानात. पेमेंट फेल, पुन्हा फेल. घरी येऊन बघते तर खात्यात पैसे आहेत. गिऱ्हाइकांचे पैसे क्यूआरवर पडतायत, लाडकी बहीणचे दीड हजारही जमा झालेत, पण बाहेर एक रुपया निघत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, आत जायला वाट आणि बाहेर यायला नाही.

बँकेत गेले. आता बँकेचं नाव घेत नाही, सगळीकडे असंच चालतं म्हणतात.

"मॅडम, वरून होल्ड आलाय."

"वरून म्हणजे कुठून?"

"सायबरकडून."

"कुठल्या सायबरकडून?"

"ते आम्हाला दिसत नाही." असं म्हणत त्यानं स्क्रीन जराशी स्वतःकडं वळवली. म्हणजे दिसत होतं.

इथं लिहून ठेवा. बँकेकडं चार गोष्टी मागायच्या: तक्रारीचा ॲक्नॉलेजमेंट नंबर, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस स्टेशन, वादातली रक्कम किती, आणि ती कोणत्या तारखेच्या कोणत्या एन्ट्रीची. हे सगळं त्यांच्याकडं आलेलं असतं. तोंडी मागितलं तर मिळत नाही. लेखी अर्ज द्यायचा, दोन प्रती काढायच्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घ्यायची. "आम्ही पोच देत नाही" असं मला सांगितलं. मी म्हटलं, "मग देत नाही असं लिहून द्या." त्यावर आत जा, बाहेर बस, साहेब मीटिंगमध्ये, सर्व्हर डाऊन, उद्या या. दुसऱ्या दिवशी टेबलावर दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सांगा. पुन्हा तेच. एकानं तर सगळ्यांसमोर विचारलं, "खातेदार तुम्हीच ना? मग पैसे कुठनं आले ते तुम्हालाच माहीत." रांगेत आमच्या गल्लीतल्या दोघी उभ्या होत्या. नवरा सट्टा खेळतो हे गल्लीला माझ्याकडून नाही, त्या काउंटरकडून कळलं. हे मी विसरणार नाही.

पोच मिळाली ती शेवटी माझ्या भाच्यामुळं. तो वकिली करतो. त्यानं अर्जात एकच ओळ घातली: वादातली रक्कम साडेसहा हजार असताना संपूर्ण खातं कोणत्या लेखी आदेशानं बंद केलं, त्याची प्रत द्यावी. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बँकांना सांगितलंय, पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली तेवढीच अडवा, अख्खं खातं नको. तो निकाल आपल्याकडं बंधनकारक नाही, पण अर्जात दाखला दिला की समोरचा माणूस सरळ बसतो, असं भाचा म्हणाला. बसला.

तक्रार दुसऱ्याच राज्यातली निघाली. इथल्या सायबर पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पण म्हणाले, "ताई, गुन्हा आमच्याकडं नाही. तिथल्या तपास अधिकाऱ्याला मेल करा." तिथला फोन कधी वाजायचा, कधी वाजायचा नाही. उचलला तर भाषेची पंचाईत. माझं हिंदी आणि त्यांचं हिंदी मिळून एक वाक्य व्हायचं: मेल करो.

मधेच एकाचा फोन आला. म्हणे खातं उघडून देतो, पाच हजार पाठवा. असे फोन येतातच. अडकलेल्यांचे नंबर यांना कुठून मिळतात देव जाणे. पैसे देऊ नका.

मेलमध्ये लिहायचं काय, यावर घरात खरी लढाई झाली. नवऱ्याचं म्हणणं, "मित्रानं उसने दिले होते असं लिही, मिटून जाईल." भाच्यानं स्टेटमेंट पुढं सरकवलं. तसल्याच वेगवेगळ्या नावांच्या एन्ट्र्या ओळीनं होत्या. "काका, एवढे मित्र? आणि एकाचंही गाव सांगता येत नाही?" खोटं लिहिलं असतं तर फसवणुकीत मीही सामील, असं दिसलं असतं.

त्या रात्री नवऱ्यानं कागद घेतला. दिवाणजीचं अक्षर, एकसारखं, डावीकडं समास सोडून. मी अमुक अमुक, माझ्या पत्नीच्या खात्याचा वापर तिच्या नकळत ऑनलाइन सट्ट्याचे पैसे घेण्यासाठी केला. खाली तारखा आणि रकमा, प्रत्येक आकड्यापुढं सवयीनं आडवी रेघ आणि 'फक्त'. रुपये ६,५००/- फक्त. रुपये २,०००/- फक्त. पान भरलं. दुसरं घेतलं. हळदीची पट्टी केल्यासारखी खाली बेरीज मारली आणि ती बघून तो कितीतरी वेळ गप्पच बसला. इतके दिवस मी ओरडून, रडून, त्याच्या आईला मध्ये घालून जे झालं नव्हतं, ते त्या अर्जाच्या निमित्तानं झालं. म्हणून बँकेचे आभार मानणार नाही मी. तेवढं मन मोठं नाही माझं.

तो जबाब, आधार, पॅन, स्टेटमेंट, माझ्या शिवणकामाच्या पावत्या, सगळं मेल केलं. पुन्हा केलं. परत परत फोन केले. अखेर तिथून पत्र निघालं: साडेसहा हजार अडवून ठेवा, बाकी खातं खुलं करा. आता संपलं असं वाटलं ना? शाखा म्हणे, "आम्हाला मेल आला नाही." तो बँकेच्या मुंबईच्या नोडल ऑफिसला, म्हणजे पोलिसांची पत्रं घेणाऱ्या ऑफिसला, गेला होता. मुंबई म्हणे शाखेला कळवलंय. मी मेल फोनमध्ये उघडून दाखवला, तर म्हणे असा चालत नाही, आमच्या सिस्टीमला यायला पाहिजे. पत्र येऊनही खातं बंदच. फी भरायची होती, ती मी शेजारणीकडून उसनी घेऊन भरली.

यावर उपाय आहे. आधी बँकेच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडं. फुकट आहे, वकील लागत नाही. पोलिसांनी होल्ड लावला ही तक्रार तिथं मांडून उपयोग नाही, पण खुलं करायचं पत्र येऊनही बँक बसून राहिली, ही मांडा. माझी लोकपालाकडं जायची वेळच आली नाही. बँकेला शेवटचा मेल पाठवला, त्यात तारीखवार सगळं लिहून पोच घेतलेल्या अर्जांचे फोटो जोडले, आणि खातं खुलं झालं. शाखेतून फोन नाही, मेसेज नाही. अस्तरवाल्याला शंभर रुपये पाठवून बघितले, गेले. मी दुकानातच "गेले, गेले" म्हणून ओरडले.

उपचाराचं थोडक्यात सांगते, कारण तिथं अडलं नाही. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो, केसपेपर काढला, डॉक्टरबाईंनी त्याला दोन प्रश्न विचारले. तीच मजा यायला रक्कम वाढवत न्यावी लागली का? किती खेळता याबद्दल घरच्यांशी खोटं बोलावं लागलं का? दोन्हीला हो. मग मला म्हणाल्या, हा हावरटपणा नाही, आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दारूच्या व्यसनाशेजारी याची नोंद आहे. गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं, हे याचं एक ठळक लक्षण. याच्यासाठी म्हणून खास गोळी नाही, झोप आणि उदासीसाठी औषधं दिली. खरा उपचार म्हणजे बसून बोलणं, आणि त्याला तो नियमानं जातो. मध्ये एकदा घसरला, पण त्यानं स्वतः येऊन सांगितलं.

डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोर सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मला आवडलं नव्हतं. पण त्यानं "वाटलं होतं" असं उत्तर दिलं. कर्जात बुडालेल्या माणसाला हे विचाराच. विचारल्यानं डोक्यात भरत नाही. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

सासरे कवलापूरकडची जमीन विकून सट्ट्यापायी झालेलं सगळं देणं एकदम फेडायला निघाले होते. डॉक्टरांनी अडवलं. पाटी कोरी झाली की उधारी पुन्हा मिळायला लागते, म्हणाल्या. हप्त्यानं फेडू दे, त्याच्याच पगारातून. सासऱ्यांना ते निर्दयी वाटलं, अजून वाटतं. मला पटलं. देणं नेमकं किती हे कळायला त्याच्या नावाचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. आमच्यात दोन लोन ॲप अशी निघाली, जी त्या 'फक्त'च्या यादीतही नव्हती. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम तोंडपाठ करून ठेवा. त्यांना ऐकवला की आवाज उतरतो.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: होल्ड लागल्याबरोबर दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात खातं काढा आणि क्यूआर बदला. नाहीतर रोजची कमाई त्या बंद खात्यातच पडत राहते. जुनी सिमं घरात असतील तर शोधून बंद करा. नवऱ्याचा पगार आता माझ्या खात्यात येतो. त्यासाठी शेठला खरं सांगावं लागलं. वाटलं नोकरी जाते. शेठ म्हणाले, "माझ्या हिशेबात चूक नाही ना? मग येऊ दे कामाला." घरखर्चाचे पैसे त्याला रोख देते. फोन बटणांचा आहे.

साडेसहा हजार अजून अडकलेत. कोर्टात अर्ज करता येतो असं भाचा म्हणतो, पण ते कुणाचेतरी लुबाडलेले आहेत, त्यालाच जाऊ देत. परवा त्याच शाखेतून फोन आला, तुमच्या खात्यावर विम्याची चांगली ऑफर आहे म्हणून. लेखी पाठवा म्हटलं.